गोचीड मागे राहतो

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला बिबट्या काय खातो, याचे उत्तर त्याच्या विष्ठेत सापडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाने वेढलेल्या, जंगली भक्ष्य जवळपास नसलेल्या या पट्ट्यात नमुने गोळा केले, त्यातले केस ओळखले आणि २०१४ मध्ये ‘ओरिक्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव आणि गावाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचे होते. त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, एकट्या कुत्र्याचा. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही शेळीचा वाटा ११ टक्क्यांवर थांबला. कारण समजायला अवघड नाही. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, तिची किंमत मालकाला पाठ असते. कुत्रा अंगणात, बांधावर, उकिरड्याशी मोकळा झोपतो आणि सकाळी तो दिसला नाही तर दोन दिवस चर्चा होते, तिसऱ्या दिवशी दुसरे पिल्लू येते.

या अभ्यासाकडे वन्यजीवांचे जाणकार एका नजरेने पाहतात. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर त्यातून वेगळाच प्रश्न निघतो. बिबट्याने कुत्रा उचलला, तरी त्या कुत्र्याच्या अंगावरून उतरलेले गोचीड कुठे जातात? कुठेच नाही. ते ओट्याच्या फटीत, दगडी भिंतीच्या सांदीत, पत्र्याखालच्या वाशात बसून राहतात आणि पुढच्या पिल्लाची वाट पाहतात. पिल्लू यायला उशीर झाला, तर ओट्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावरही चढतात.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गोचीड हा नवा विषय नाही. दुधाच्या धंद्यावर उभ्या असलेल्या राहाता, राहुरी, संगमनेर या तालुक्यांत गोचीडताप कोणाला समजावून सांगावा लागत नाही. संकरित गाय चारा सोडते, ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध निम्म्यावर येते. मग डॉक्टरांना फोन, सलाईन, इंजेक्शन आणि हजारोंचे बिल. लघवी लाल झाली तर घरातली म्हातारी माणसेसुद्धा रोगाचे नाव घेतात. गायीचा गोचीड नगरकर जाणतो, त्याच्यावर पैसे खर्च करतो, फवारा मारतो. कुत्र्याच्या गोचिडाकडे मात्र तो कुत्र्याचा खासगी मामला असल्यासारखे पाहिले जाते. गोठा फवारून होतो आणि त्याच गोठ्याच्या दारात पडलेला कुत्रा तसाच राहतो.

दोन्ही गोचीड वेगळे आहेत, हे आधी स्पष्ट केलेले बरे. गायीच्या अंगावरचा एक मोठा गट आपले सगळे आयुष्य एकाच जनावरावर काढतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड, शास्त्रीय नावाने ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, तसा नाही. तो तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू कुत्र्यावर चढून रक्त पिते, खाली पडते, फटीत शिरते, कात टाकते. मग आठ पायांच्या मधल्या अवस्थेत पुन्हा चढते, पुन्हा उतरते. प्रौढ झाल्यावर तिसऱ्यांदा. शेवटी रक्ताने टम्म फुगलेली मादी अंग सोडते, कोरडी सुरक्षित जागा शोधते, काही हजार अंडी घालते आणि मरते. उष्ण हवेत हे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरे होते. मधल्या काळात रक्त मिळाले नाही, तरी प्रौढ गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो.

याचा अर्थ असा, की कुत्र्याच्या कानात दिसणारे गोचीड हा साठ्याचा छोटासा भाग असतो. बाकीचे घरात असतात. या जातीला रान लागत नाही, दमट पालापाचोळा लागत नाही. तिला माणसाने बांधलेली कोरडी जागा मानवते. वर चढण्याची तिला खोड आहे, म्हणून कधी कधी भिंतीवरून आढ्याकडे निघालेली रांग दिसते. पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा आणि दगडमातीच्या भिंती अजून शाबूत असलेला नगर जिल्हा तिच्यासाठी चांगली जागा आहे.

उन्हाळ्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक लॉरा बॅकस यांनी २०२० मध्ये एक प्रयोग मांडला. एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला माणूस आणि मधल्या नळीत गोचीड. तापमान सुमारे २३ अंश असताना गोचीड कोणाकडे जातात आणि ३८ अंशांवर कोणाकडे, हे मोजले. तापमान वाढल्यावर गोचीड माणसाकडे वळण्याचे प्रमाण अडीच पटींपर्यंत गेले, आणि उष्ण प्रदेशातल्या वाणात हा कल अधिक ठळक होता. एप्रिल-मेमध्ये श्रीगोंद्यात किंवा कर्जतमध्ये ३८ अंश ही सकाळी अकराची गोष्ट असते.

आता रोगाकडे. हा गोचीड माणसात जो ताप आणतो, त्याला वैद्यकीय पुस्तके ‘इंडियन टिक टायफस’ म्हणतात. कारण रिकेट्सिया कोनोरी नावाचा सूक्ष्म जंतू. ट्युनिसमध्ये १९१० मध्ये या तापाचे भूमध्य सागराकाठचे रूप प्रथम नोंदवणाऱ्या आल्फ्रेड कोनोर यांचे नाव त्याला मिळाले. हा जंतू मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे गोचिडाची पुढची पिढी जन्मतःच तो घेऊन येऊ शकते. कुत्रा अनेकदा आजारी दिसतही नाही. तो गोचिडांना रक्त पुरवतो आणि त्यांना घराघरांत पोचवतो, एवढीच त्याची भूमिका.

महाराष्ट्रात हा ताप आहे का, असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नगरच्या आजूबाजूला पाहणे पुरेसे आहे. पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सिया रोगांवरचा निबंध पद्बिद्री आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच प्रसिद्ध केला. सोलापुरात बालरोगतज्ज्ञ अतुल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांवरचा आपला अनुभव २००९ मध्ये लिहिला. विदर्भातल्या अकोल्यात (नगरचे अकोले वेगळे) नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी तर २०११ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये लवकर निदानासाठी गुणांची पद्धतच सुचवली. तिच्यात पुरळ, हातापायांवरची सूज, यकृताचा आकार यांना गुण आहेतच. शिवाय मूल ग्रामीण भागात राहते का, घरात पाळीव प्राणी आहे का, गोचिडांशी संबंध आला का, गोचीड चावल्याचे आठवते का, यांनाही गुण आहेत. डॉक्टरने मुलाच्या आईला ‘घरी कुत्रा आहे का?’ असे विचारणे हा निदानाचा भाग ठरतो, तो इथे. पुणे आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे नगरला खेटून आहेत. गोचीड जिल्ह्याची हद्द मानत नाही, हे वेगळे सांगायला नको.

लक्षणे फसवी असतात. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या. पावसाळ्यात असा रुग्ण आला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, ‘डेंग्यूसदृश’. दोन-चार दिवसांनी पुरळ उठते आणि ते तळहात-तळपायांवरही उतरते, तिथे खरी खूण मिळते. पण सावळ्या कातडीवर फिकट पुरळ नजरेतून सुटते आणि तळपाय कोणी पाहत नाही. औषध तसे साधे आणि स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन. अडचण अशी, की ताप उतरेना म्हणून सुरू केली जाणारी नेहमीची भारी अँटिबायोटिक इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत. रोज नवे इंजेक्शन बदलत आठवडा गेला, तर मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांच्यापर्यंत प्रकरण जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची २०१५ ची मार्गदर्शिका म्हणूनच शंका आल्यावर तपासणीच्या अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करायला सांगते. लहान मुलांचे दात पिवळे पडतील ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या काळातली आहे. डॉक्सिसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या उपचाराला ती लागू नाही.

गोचीड म्हटले की वाचकांना इतर दोन बातम्या आठवतील. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून गाजलेला माकडताप, आणि २०११ मध्ये गुजरातेतल्या साणंदजवळच्या कोलाट गावात निघालेला क्रिमियन-काँगो ताप, ज्याच्या धास्तीने २०२० मध्ये पालघर प्रशासनाने इशारा दिला होता. माकडताप जंगलातल्या गोचिडाचा, काँगो ताप गुराढोरांवरच्या गोचिडाचा. दोन्हींचा कुत्र्याच्या गोचिडाशी थेट संबंध नाही आणि या लेखाचा विषय ते नव्हेत. तसाच गोंधळ कुत्र्यांच्या ‘टिक फिव्हर’बद्दल होतो. कुत्र्याला ताप येतो, नाकातून रक्त येते, तो खंगतो. पशुवैद्य एर्लिकिया किंवा बबेसिया सांगतात. हा आजार कुत्र्याकडून घरच्यांना लागला असे सहसा होत नाही. पण गल्लीत दोन-तीन कुत्री एकापाठोपाठ अशी आजारी पडली, तर घरांमध्ये गोचिडांचा साठा वाढल्याची ती पावती समजावी.

मग करायचे काय? इथेच बहुतेकांची पहिली चाल चुकते. जागरूक माणूस आपल्या कुत्र्याला दवाखान्यात नेतो, गोळी देतो, अंगाला औषध लावतो, पंधरा दिवस समाधानात काढतो. शेजारच्या वस्तीवरची तीन आणि चौकातली पाच कुत्री तशीच असतात. ती रोज त्याच अंगणातून जातात, भरलेल्या माद्या तिथेच गाळतात. महागडी गोळी संपते तेव्हा भिंतीत नवी फौज तयार असते. एका घराने केलेला उपाय त्या कुत्र्याचा जीव वाचवतो, पण घराचा धोका तसाच ठेवतो. वस्तीतली सगळी कुत्री, मालकाची आणि बेवारस, एकाच आठवड्यात औषधाखाली आली आणि त्याच वेळी त्यांच्या झोपण्याच्या जागा फवारल्या गेल्या, तरच चक्र तुटते. या विषयाबद्दल सांगण्यासारखे जे काही आहे, त्याचा गाभा हा एवढाच.

हे नुसते अनुमान नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात आदिवासींच्या राखीव वस्त्यांमध्ये २००३ च्या सुमारास रॉकी माउंटन स्पॉटेड फिव्हर नावाच्या, आपल्या तापाच्या अधिक घातक भावंडाचे रुग्ण निघाले. तिथे हा रोग पूर्वी जवळपास नव्हताच आणि तो पसरवणारे नेहमीचे रानगोचीडही नव्हते. तपासात सापडला तोच आपला तपकिरी कुत्र्याचा गोचीड. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत १६ रुग्णांपैकी दोघे दगावले होते. कोरडा प्रदेश, मोकळी कुत्री, पशुवैद्य दूर, घरे विखुरलेली: वर्णन वाचताना पाथर्डी तालुका डोळ्यांपुढे यावा.

तिथल्या लोकांनी २०१२ मध्ये जे केले, त्याला त्यांनी ‘रोडिओ’ असे मजेशीर नाव दिले. एक वस्ती निवडली. शेकडो घरे, त्यातली सगळी कुत्री. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात अनेक महिने टिकणारा औषधी पट्टा, प्रत्येक अंगणात दर महिन्याला फवारा, आणि घरोघरी जाऊन समजावणे. चार महिन्यांनी मोजले, तेव्हा त्या वस्तीत गोचीड दिसणारी कुत्री एक टक्क्याहून कमी होती. उपाय न झालेल्या शेजारच्या वस्तीत ६४ टक्के. औषध काही गुप्त नव्हते, ते बाजारात आधीपासून होते. ते सगळ्या घरांत एकाच वेळी पोचले, एवढाच फरक.

जनावरांच्या बाबतीत हाच धडा शंभर वर्षे जुना आहे आणि त्याची कथा अधिक रंगतदार आहे. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले, की टेक्सासची गुरे जिथे जातील तिथे गायी लाल लघवी करून मरतात, याचे कारण गोचीड आहे. संधिपाद जीव रोग पसरवतो याचा हा पहिला भक्कम पुरावा. डासाची आणि हिवतापाची कथा त्यानंतरची. १९०६ पासून सरकारने जिल्हेच्या जिल्हे हाती घेतले. प्रत्येक शेतकऱ्याने दर पंधरवड्याला आपली सगळी गुरे औषधाच्या हौदातून पोहवत न्यायची. सक्ती होती, आणि सक्तीचा राग एवढा, की काही ठिकाणी शेतकऱ्यांनी सुरुंग लावून हौद उडवले. तरी १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतची पट्टी सोडता देश त्या गोचिडापासून मोकळा झाला. त्यातल्या सुरुंगांची आठवण ठेवायला हवी. गोचीड हटवण्याचे औषध मिळणे सोपे, शेजाऱ्याला बरोबर घेणे अवघड.

शेजाऱ्याला बरोबर घेण्याच्या बाबतीत नगर जिल्ह्याला बाहेरून शिकवणी लावायची गरज नाही. हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, ती पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात. त्याआधी राळेगण सिद्धीने हीच वाट चालून दाखवली होती. चराईबंदीचा हिशेब कुत्र्यांच्या हिशेबासारखाच आहे: नव्वद घरांनी पाळली आणि दहा घरांनी शेळ्या सोडल्या, तर डोंगर बोडकाच राहतो. ग्रामसभेत बसून, रुसवेफुगवे काढून, नियम सगळ्यांचा करून घेण्याची कला या मातीत रुजलेली आहे.

आणि जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथे आले, तेव्हा त्यांनी आधी शेतकरी मंडळे उभी केली; गावातली माणसे औषधापेक्षा पाणी, चारा, जनावरे यांविषयी बोलत होती, म्हणून सुरुवात तिथून. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर, अनेक दलित समाजातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्या बायांकडे शिकायला जगभरातून माणसे आली. तापाच्या मुलाचे तळपाय पाहायचे, कुत्र्याच्या कानामागे हात घालायचा, आणि दोन्हींचा संबंध लावायचा, हे काम एमबीबीएसची पदवी मागत नाही. गावातल्या आशाताईला आणि पशुधन पर्यवेक्षकाला एकमेकांचा फोन नंबर ठाऊक असणे ही मात्र त्याची पहिली पायरी. आज ही दोन खाती एकाच जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसूनही सहसा भेटत नाहीत.

एकजुटीच्या फवारणीचा ताजा अनुभवही आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. लोणी, काष्टी, घोडेगाव अशी गजबजलेली ठिकाणे ओस पडली. ग्रामपंचायतींनी पंप घेऊन गोठे फवारले, शासनाची मोफत लस गावागावांत टोचली गेली. माश्या, डास, गोचीड यांच्यावर शेजाऱ्याच्या गोठ्यातही फवारा मारला पाहिजे, हे तेव्हा कोणाला पटवून द्यावे लागले नाही, कारण गाय मरत होती. लाळ-खुरकताच्या लसीकरणाच्या फेऱ्या तर नियमाने होतात. त्या फेरीत पशुवैद्यक पथक प्रत्येक गोठ्यापर्यंत जातेच. दारातल्या कुत्र्याला त्याच दिवशी औषध देण्यासाठी वेगळा प्रवास करावा लागत नाही.

औषधाबद्दल मात्र हात सैल सोडून चालणार नाही. घरोघरी सर्रास चालणारे उपाय अनेकदा रोगापेक्षा वाईट असतात. पिकावर मारायचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतले की कुत्रा लाळ गाळत, झटके देत मरतो, आणि तेच विष पोरांच्या हातालाही लागते. गुरांसाठीचे डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ पाण्यात किती मिसळायचे, याचे माप बाटलीच्या झाकणावर नव्हे, डॉक्टरांच्या सांगण्यावर ठरले पाहिजे. काही औषधे कुत्र्याला चालतात पण मांजराला मारतात. चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल टाकणे, त्याला बिडीचा चटका देणे, आणि मग काढलेला गोचीड दगडावर नखाने चिरडणे ही पद्धत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या चिरडण्यातून जंतू नखाच्या जखमेत किंवा डोळ्यात जाऊ शकतो. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवावा, हात धुवावे. तो जितके तास चिकटून राहील, तितका धोका वाढतो. म्हणून संध्याकाळी पोरांच्या केसांत, कानामागे, काखेत एकदा बोटे फिरवणे फुकटात होणारे काम आहे.

नव्या औषधांनी बेवारस कुत्र्यांचा प्रश्न निम्मा सोपा केला आहे. फ्लुरालानरसारखी गोळी एकदा खाल्ली की सुमारे बारा आठवडे कुत्र्याच्या रक्तातून गोचीड मरतो. पट्टा हरवतो, लावलेले औषध पावसात धुऊन जाते, गोळी भाकरीच्या तुकड्यातून जाते. ती स्वस्त नाही. पण तापाच्या एका मुलाचे अतिदक्षता विभागातले बिल पाहिले, तर एका वस्तीची गोळी त्यात बसते.

बेवारस म्हटले की वाद सुरू होतो आणि तो टाळून हा विषय पुढे नेता येत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. ‘उचलून न्या’ ही मागणी चावे आणि रेबीजमुळे आहे आणि ती समजण्यासारखी आहे. लहान मुलांचे लचके तोडले जात असताना कुत्र्यांच्या हक्कांवर व्याख्यान ऐकण्याची कोणाची तयारी नसते. पण गोचिडाच्या बाजूने पाहिले, तर नुसते उचलणे उलटू शकते. कुत्री नाहीशी झाली आणि भिंती तशाच राहिल्या, तर उपाशी गोचीड दुसरे अंग शोधतात. अकोले तालुक्यातला बिबट्या हेच काम वर्षानुवर्षे फुकट करतो आहे आणि त्याने गोचीड कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

कायद्याची चौकट सध्या अशी आहे. मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी २००१ चे नियम बदलले आणि भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व रेबीज लसीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक दिलेली कुत्री, पिसाळलेली किंवा आक्रमक वगळता, पुन्हा मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांसारख्या आवारांतून पकडलेली कुत्री परत तिथे न सोडण्याचा निर्देश आला. या सगळ्या चर्चेत पोटातल्या जंतांचा उल्लेख आहे, कातडीवरच्या गोचिडाचा नाही. वास्तविक कुत्रा पिंजऱ्यात हाती लागलेला तो क्षण अनमोल असतो. आणि जिथे अनेक गावांची कुत्री दोन-चार दिवस एकाच छताखाली ठेवली जातात, त्या निर्बीजीकरण केंद्राच्या भिंती गोचिडांसाठी धर्मशाळा ठरू शकतात. कुत्रा नसबंदी करून परत येतो आणि येताना चार गावांचे गोचीड घेऊन येतो, असे व्हायचे नसेल, तर केंद्रात येताच गोळी आणि दर आठवड्याला भिंतींवर फवारा, ही अट ठेक्याच्या कागदावरच हवी.

नगर जिल्ह्यात आणखी एक गुंतागुंत आहे, जी ॲरिझोनाला नव्हती. इथली कुत्री प्रवास करतात. पारनेर-संगमनेरचे धनगर कळप दिवाळीनंतर वाट धरतात, त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे बैलगाड्यांनिशी कारखान्यांच्या तळांवर उतरतात. पाचटाच्या कोप्या एकमेकींना लागून उभ्या राहतात, कोपीत पोरे, दारात कुत्रे. तळ उठतो तेव्हा कोप्या मोडतात, कुत्रे मात्र पुढच्या गावी जाते. स्थायिक गावाने कितीही काटेकोर फेरी केली, तरी या फिरत्या वस्त्या वगळल्या तर ती अपुरी. आणि वगळल्या जाणार नेमक्या त्याच, कारण मतदारयादी, रेशनकार्ड, आशाताईची घरांची यादी या सगळ्यांतून त्या आधीच निसटलेल्या असतात. तापाने फणफणलेले मूल मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोपीतच पडून राहण्याचा धोकाही तिथेच सर्वांत जास्त.

म्हणून वर्षातल्या दोन फेऱ्यांचा विचार करावा लागतो. एक फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळा चढण्याआधी. दुसरी गाळप हंगाम सुरू होताना, तळावर. प्रत्येक फेरीआधी वस्तीतल्या दहा-बारा कुत्र्यांचे कान, मान आणि पायांची बोटे पाहून गोचीड आहेत की नाहीत एवढी नोंद, सहा आठवड्यांनी पुन्हा तशीच नोंद; ॲरिझोनाचे यश याच साध्या मोजणीने सिद्ध झाले होते. गावात ही वही ग्रामपंचायत ठेवू शकते. तळावर ती कोण ठेवणार, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कोणत्या गटात कोणत्या मुकादमाची टोळी उतरली, किती कोयते आले, किती गाड्या लागल्या, हे कारखान्याच्या शेतकी विभागाचा चिटबॉय रोज लिहितो. त्याच्या वहीत कुत्र्यांसाठी एक रकाना वाढवावा लागेल, आणि त्या रकान्यापुढचा खर्च कारखाना, मुकादम आणि जिल्हा परिषद यांपैकी कोणी किती उचलायचा हे गाळप परवान्याच्या बैठकीतच ठरवावे लागेल.